लाल गाडीच्या सायलेन्सरची वाटणी नाही

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शर्यतीच्या गाड्यांचे सायलेन्सर बनवणे, हे मृत्युपत्र स्वतः सांगून, वाचून घेऊन आणि दोनदा दुरुस्त करून लिहून ठेवत आहे. छातीचे दुखणे डॉक्टर सांगतात त्याहून थोडे पुढे गेले आहे, पण डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने मला आमच्या शर्यतीच्या लाल गाडीच्या चारही नळ्यांची मापे विचारावीत, मी डोळे मिटून सांगेन. हा कागद करण्यासाठी माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. उलट गेले कित्येक महिने घरातल्या दोन माणसांवर मीच दडपण आणते आहे आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही, म्हणून हा खटाटोप.

ती दोन माणसे अशी. एक माझी लेक. ती नळ्या कापते, वाकवते, वेल्डिंग करते. काम माझ्याकडून शिकली आणि आता माझ्यापेक्षा बरे करते, हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहून देते. दुसरे माझे धाकटे दीर. लग्न होऊन आले तेव्हा ते मिसरूड फुटलेले पोर होते, तरी मी त्यांना भाऊजी म्हणायचे आणि ते त्याने फुशारून जायचे. ते इंजिन बांधतात आणि लाल गाडी चालवतात. माझे यजमान गेल्यावर भाऊजींनी या घराला बापासारखे सांभाळले. माझ्या लेकीला ‘ठिणगी’ हे नाव त्यांनीच ठेवले. हीच दोघे आता एकमेकांशी बोलत नाहीत. मी गेल्यावर त्यांच्या मधे कोण उभे राहणार, ही एकच काळजी मला आहे. बाकी सगळे आटोपले आहे.

कलम पहिले. वर्कशॉपच्या वरची राहती खोली, स्वयंपाकघर आणि गच्ची माझ्या लेकीला. मागच्या बाजूच्या खोलीत भाऊजींना तहहयात राहण्याचा हक्क राहील. त्यांच्या घोरण्याबद्दल लेकीने तक्रार करू नये. त्यावर सायलेन्सर बसवण्याचा विचार मीही केला होता, जमले नाही.

कलम दुसरे. यजमानांचे हेल्मेट आणि शर्यतीचा अंगरखा भाऊजींना. हेल्मेटमध्ये मी कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवते, ते आधी काढून घ्यावेत. आमचे हे शर्यतीत कधी पहिले आले नाहीत. गेलेही शर्यतीत नाहीत, अंथरुणात गेले, औषधाच्या चवीला नावे ठेवत. पण शर्यत संपली की गाडीतून उतरून आधी माझ्याकडे यायचे आणि विचारायचे, “कसा वाटला गं आवाज?” किती नंबर आला ते नंतर सांगायचे. मला असा माणूस मिळाला, याबद्दल माझी कोणाकडेही काही तक्रार नाही.

कलम तिसरे. माझे शिलाई मशीन माझ्या नणंदेकडे आहे. ते तिने चार दिवसांसाठी नेले होते, तेव्हा माझी लेक रांगत होती. ते आता तिलाच दिले असे समजावे. बाईमाणसाने हातात वेल्डिंगची टॉर्च धरणे शोभत नाही असे ती चारचौघांत म्हणाली होती, ते मात्र मी माफ केलेले नाही. तिच्या गेटची बिजागरी मीच जोडून दिली आहे, तेवढे तिने आठवावे.

कलम चौथे. ट्रॅकच्या भिंतीला लागून राहणाऱ्या मास्तरांना माझी गच्चीवरची आरामखुर्ची द्यावी. मास्तरांची ओळख करून द्यायला हवी. पूर्वी ट्रॅकवर आवाजाला धरबंध नव्हता. मास्तरांनी तक्रारींवर तक्रारी केल्या, आणि शेवटी ट्रॅकच्या समितीने मर्यादा घातली. धावत्या गाडीचा आवाज ट्रॅकच्या कडेच्या टपरीत बसवलेल्या मीटरवर मोजायचा, आकडा मर्यादेच्या वर गेला की गाडीला काळा झेंडा, म्हणजे गाडीने निमूट बाहेर यायचे. सगळ्या ट्रॅकने मास्तरांना शिव्या घातल्या. मीही घातल्या. आणि मग एकेक गाडीवाला माझ्या दारात येऊन उभा राहू लागला, कारण ताकद न घालवता आणि वजन न वाढवता आवाज कमी करून देणारी या भागात मी एकटीच होते. म्हणजे मास्तरांनी आमच्या पोटावर पाय आणायला घेतला आणि भरल्या ताटावर बसवले. एकदा मला भिंतीवरून हाक मारून म्हणाले, “बाई, तुमची गाडी गेली की माझी कपबशी वाजत नाही. बाकीच्यांची गेली की वाजते.” इतके चांगले सर्टिफिकेट मला कोणी दिले नाही. त्यांना खुर्ची द्यावी आणि निरोप द्यावा की तक्रारी चालू ठेवाव्यात.

कलम पाचवे, वर्कशॉप. हेच खरे कलम आहे, म्हणून हा कागद उतरवून घेणाऱ्या वकीलबाईंच्या नापसंतीकडे दुर्लक्ष करून सविस्तर सांगते.

सायलेन्सर हलका करायचा म्हणजे पातळ पत्र्याचा करायचा, आणि पत्रा पातळ केला की तो स्वतःच वाजायला लागतो. आत जाळीची नळी, तिच्याभोवती दाबून भरलेली काचतंतूंची लोकर, त्यावर बाहेरचा डबा. लोकर आवाज खाते. पण गाडी धावता धावता लोकर जळते, उडून जाते, आणि मग डबा ढोलासारखा घुमतो. वजन वाचवावे तर आवाज वाढतो, आवाज दाबावा तर वजन वाढते. माझे सगळे आयुष्य या दोन्हींच्या मधल्या फटीत गेले आणि मजेत गेले.

मागच्या मोसमात भाऊजींनी टूम काढली. मीटरची टपरी ट्रॅकच्या उजव्या हाताला आहे. मग सायलेन्सरचे तोंड डावीकडे वळवले, तर आवाज दुसरीकडे जाईल, मीटरला कमी ऐकू येईल, आणि एकामागे एक असलेल्या दोन डब्यांपैकी दुसरा डबा काढून टाकता येईल. तेवढे वजन कमी. लेकीला कल्पना आवडली. तिने टायटॅनियमची अशी सुबक वळणाची नळी बनवली की बघत राहावे. जोडावर कुठे बिघाडाचा निळा डाग नाही, सगळीकडे फिक्कट सोनेरी. मी एवढेच म्हटले, “आवाज कमी करायचा असतो, लपवायचा नसतो.” दोघेही हसले. तेव्हा ते एकत्र हसत असत.

ती नळी लावून पहिली शर्यत होती त्या रविवारी ट्रॅक उलट्या दिशेने चालवायचा होता. कधीमधी तसे करतात, म्हणजे पाठ झालेली वळणे पुन्हा नवी होतात. हे सगळ्यांना ठाऊक होते. भाऊजींनी आदल्या दिवशी ट्रॅक उलटा चालून पाहिला, ब्रेक कुठे मारायचा ते ठरवले. लेकीने उलट्या दिशेप्रमाणे टायर बदलले. पण ट्रॅक उलटा झाला म्हणजे मीटरची टपरी डाव्या हाताला येणार, एवढे साधे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. लाल गाडी टपरीसमोरून गेली ती थेट मीटरच्या तोंडावर बोंब ठोकत. पहिल्याच फेरीला काळा झेंडा.

गाडी ट्रॅकबाहेर आली आणि तिथेच दोघांची जुंपली.

“तोंड कोणी वळवलं?” भाऊजी.

“वळव म्हणून कोण मागे लागलं होतं?” लेक.

“उलटं चालवायचंय हे माहीत नव्हतं तुला?”

“आणि चालवत कोण होतं?”

दोघांचेही खरे होते, म्हणूनच मिटेना. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी वर्कशॉपच्या मधोमध पत्र्याचे पार्टिशन घातले. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला नळ्या. तेव्हापासून मी निरोप्याचे काम करते. “आई, त्यांना सांग, इंजिन बसवल्याशिवाय मला नळीची लांबी कळणार नाही.” “वहिनी, तिला सांगा, नळी लागल्याशिवाय मला इंजिन लावता येणार नाही.” दोघांमध्ये जेमतेम हातभर अंतर असते, आणि सगळे पत्र्यातून स्वच्छ ऐकू येते. मी आजारी माणूस, तरी पार्टिशनच्या या टोकाहून त्या टोकाला चालत जाऊन तेच वाक्य पुन्हा बोलते. लाल गाडी तेव्हापासून ताडपत्रीखाली आहे.

तरी माझी इच्छा अशी: वर्कशॉप, वेल्डिंगचे सेट, नळी वाकवायचे मशीन, गॅसच्या टाक्या, लाल गाडी आणि बँकेत जे काही असेल ते, लेक आणि भाऊजी या दोघांना समाईक. यातली कोणतीही वस्तू वेगळी करून कोणी एकाने घेऊ नये. पार्टिशनचा पत्रा मी कोणालाच देत नाही. तो भंगारवाल्याचा.

कलम सहावे. बाकावर लाल गाडीचा जो अर्धवट डबा आहे तो पूर्ण करावा. डबा गोलच ठेवावा. चपटा केला की त्याच्या सपाट बाजू थरथरतात. बाहेरचा पत्रा एकाऐवजी दोन पातळ थरांचा करावा, मधे लोकरीचा पदर द्यावा, म्हणजे घुमणार नाही. टायटॅनियम जोडताना तापल्या जोडाला हवा लागू नये म्हणून नळीच्या आतही गॅस भरावा. घाई असली की लेक बाहेरूनच सोडते, हे मला दिसते. तोंड सरळ मागे ठेवावे. ट्रॅक कसाही चालवोत, मागे म्हणजे मागेच.

कलम सातवे. वरील दोघांनी वर्कशॉपची वाटणी मागितल्यास कलम पाचमधले सगळे माझ्या नणंदेला जाईल. ती तिथे काय करील याची कल्पना दोघांनीही शांतपणे बसून करावी.

पुरवणी, सह्या करण्याआधी, त्याच दिवशी.

वरचे सगळे वकीलबाईंनी आज दोघांना वाचून दाखवले. दोघे माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना उभे होते. कलम सातला कोणी हसले नाही. मग वकीलबाई म्हणाल्या की आता साक्षीदार लागतील, आणि घरातल्यांनी लक्षात ठेवावे की जो साक्षीदार म्हणून सही करील त्याला या कागदाने काही मिळणार नाही. त्याचा हक्क गेला असे धरतात.

त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत लेकीने टेबलावरचे पेन उचलले. “मग मी साक्षीदार. आई, सगळं काकाला जाऊ दे. त्याच्या इंजिनाशिवाय माझ्या नळ्या म्हणजे बागेला पाणी घालायचा पाईप.”

“ए ठिणगे, पेन इकडे दे आधी,” भाऊजी म्हणाले. “वकीलबाई, सही माझी घ्या. वहिनी, सगळं हिच्या नावावर करा. मी माझं बघून घेईन कुठेतरी.”

“कुठेतरी म्हणजे कुठे? कोण ठेवून घेणार आहे तुला, काका?”

“ते मी बघीन. पेन दे.”

“नाही देणार.”

दोघांनी पेन दोन टोकांना धरले होते. मी मधे निजले होते आणि दोघांपैकी कोणीही मला दुसऱ्याला निरोप द्यायला सांगत नव्हते. वकीलबाईंनी शेवटी आपले पेन काढून घेतले आणि दोघांनाही खोलीबाहेर घालवले. साक्षीला समोरच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर आणि कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्या बाई यांना बोलावून आणले आहे. त्यांना या कागदाने काहीही मिळत नाही, आणि मिळवायची त्यांची इच्छाही दिसत नाही.

हे लिहिले जात असताना ती दोघे बाहेर जिन्यावर बसली आहेत. भाऊजींचा आवाज मुळात मोठा. “दुसरा डबा बसव परत. तेवढं वजन मी सीटमधून काढतो.” त्यावर लेक, “सीटला हात लावायचा नाही, पाठ आधीच धड आहे का तुझी? मी बाहेरचा पत्रा आणखी पातळ करते.” “पत्रा पातळ केलास तर वाजेल.” “दोन थरांचा आहे, नाही वाजणार.” “वाजेल!” “नाही वाजणार!”

वकीलबाईंनी विचारले, “फार आवाज होतोय, दार लावून घेऊ का?”

मी म्हटले, राहू द्या उघडे. जन्मभर दुसऱ्यांचा आवाज कमी करून दिला, आज एवढा मला हवा आहे. कलम सात खोडून टाका.

ठिकाण: वर्कशॉपच्या वरची खोली.
वार: सोमवार, ट्रॅकला सुट्टी. तारीख वकीलबाईंनी शिक्क्याजवळ घातली आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी

वरील बाईंनी आमच्या दोघांच्या देखत, पूर्ण शुद्धीवर असताना सही केली. सही करताना त्यांचे डोळे भरले होते. काही त्रास होतो आहे का असे विचारता त्यांनी मान हलवून नाही म्हटले आणि जिन्याकडे कान देऊन ऐकण्याची खूण केली. आम्हीही ऐकले.

(सही) साक्षीदार पहिले, दातांचे डॉक्टर
(सही) साक्षीदार दुसऱ्या, लॉन्ड्रीवाल्या बाई