कपाटामागची कात

मंगळवार, दिवेलागण

नवं स्वयंपाकघर परवडत नाही, म्हणून जुन्याच कपाटाला रंग द्यायचं ठरवलं होतं. आज ह्यांनी आणि मी ते भिंतीपासून ओढलं, तर मागं सापाची लांबलचक कात. त्या कपाटाला लागूनच माझी लेक तनू रोज दुपारी झोपते.

"जुनी हाय ती. गेला असंल कवाच," सासूबाई म्हणाल्या.

मग कात अजून ओलसर कशी? तनू झोपायची तेव्हा तो कुठं होता?

कपाटामागं भिंतीत बीळ दिसलं, तसे हे ते बुजवायला सिमेंट कालवू लागले. मी त्यांचा हात धरला. "आतच असला तर?"

ते थांबले. साप धरणारा दांडेलीहून सकाळीच येणार. चूल अंगणात मांडली. भात शिजला, पण मिठाचा डबा आत राहिलेला. आणायला कुणीच उठलं नाही. सगळे अळणीच जेवलो.