आईची केळ

प्रिय एमेट,

दर ऑक्टोबरात, थंडीने मरू नये म्हणून, आईची केळ मुळासकट खणून आपण दोघं तळघरात उतरवायचो. "मी पडलो तरी चालेल, केळ सांभाळ!" असं तू ओरडायचास.

फ्लोरिडाला गेल्यावर तूच फोनवर म्हणालास, "टाकून दे, रोझलिन. एकटीला नाही जमायचं."

जमलं! पानं कापली, बुंधा चादरीवरून पायरी-पायरीने खाली ओढला, पाणी निथळायला उलटा ठेवला. ओहायोचा हिवाळा सरेपर्यंत थेंबही घातला नाही. मग परत अंगणात लावली. काल नवं पान फुटलं, शिवाय बुंध्याशी तीन पिलं!

हे पत्र मी पाठवणार नाही. तू शाबासकी दिलीस तर मी रडेन.

एक पिलू शाळेतल्या सिस्टर ॲग्नेसना, एक मला हसणाऱ्या शेजारच्या डोरीनला, एक तुझ्या लेकीला. तुला नाही. फ्लोरिडाच्या उन्हात केळ कुणीही वाढवतं.

तुझी बहीण,
रोझलिन