सुदृढ बालक, दुसरा क्रमांक

५ नोव्हेंबर १९६८

शिशुमेळा! सतरा बायका, वीस मुलं आणि एक पेटी. तिची एक पट्टी दाबली की वर येत नाही. कुसुमताई ती नखाने उचकटतात आणि गाणं पुढे चालू. अध्यक्षबाई त्या, ओसरीही त्यांचीच. मुलांनी गोल करायचा, टाळ्या वाजवायच्या, चिमणी व्हायचं. मुलं चिमणी होत नाहीत. आया होतात. चांगल्या थोराड बायका पदर खोचून हात फडफडवतात!

नागपुरात येऊन तीन आठवडे झाले. मंगळवार आणि शुक्रवार हा मेळा, एवढंच काय ते माझ्या वाट्याचं समाजजीवन.

अनंत माझं लुगडं धरून उभा राहिला. चिमणी झाला नाही. मला अभिमान वाटला. — हे बरोबर नाही. त्याला मुलं मिळावीत म्हणून तर नेते. दोन वर्षांचं पोर, घरात आम्ही दोन चाळिशीपुढची माणसं.

८ नोव्हेंबर

माझं नाव अजून कोणी विचारलेलं नाही. "कोणत्या दवाखान्यात झाला हो?" हे मात्र तिघींनी विचारलं.

"तिकडेच. मिरजेला."

खोटं नाही. मिरजेजवळच्या आश्रमातूनच आणला, सात महिन्यांचा असताना. 'तिकडेच'मध्ये सगळं बसतं. बारा वर्षं मुलींना तर्कशास्त्र शिकवलं ते यासाठी!

सांगलीत गल्लीला माहीत होतं. दूधवाल्याला माहीत होतं. 'आश्रमातला' म्हणायचे, आणि प्रेमानेच म्हणायचे, तेच सहन होत नसे. मधुसूदननी बँकेत बदली मागून घेतली, जितकी लांबची मिळेल तितकी. म्हणाले, "तिथे तो फक्त आपला असेल." कोणाला कधी सांगणार नाही, असा शब्द दिला आहे मी त्यांना.

१५ नोव्हेंबर

आज बाळंतपणं. मुलं बाजूला रडताहेत, आणि आया आपापल्या कळा उगाळताहेत. यमुताईंचं चौथं बाळंतपण कुहीहून येताना वाटेत, बैलबंडीत झालं. पाऊण तास सांगत होत्या. "मी बंडीवानाले म्हटलं, तिकडं तोंड कर गा, अन् बैल थांबवू नको!" सगळ्या लोळून हसल्या. मीही हसले. (खरंच हसू आलं. नोंद असावी.)

मग, "आता तुम्ही सांगा नं, सांगलीवाल्या ताई."

कॉलेजातल्या लिमयेबाईंचं बाळंतपण सांगितलं. छत्तीस तास कळा, शेवटी चिमटा लावून काढला. रंगवून सांगितलं. यमुताई लगेच अनंतच्या कपाळावर बोटं फिरवायला लागल्या. "चिमट्याची खूण नाही दिसत वं?"

"गेली ती."

असल्या बायकांशी खोटं बोलण्यात बुद्धीचा कसही लागत नाही. तरी घरी येताना त्याच्या कपाळावर मीही एकदा बोट फिरवून पाहिलं.

२२ नोव्हेंबर

शामलाबाई. काटोलकडच्या, शेतकऱ्यांच्या घरातल्या. नवरा इथे कचेरीत. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. जावेच्या धाकट्याला घेऊन मेळ्याला येतात. का येतात? जावेला काय झालंय? दर वेळी नेमक्या माझ्या शेजारी बसतात. विचारल्याशिवाय अनंतच्या तोंडात संत्र्याची फोड. बिया काढून, साल सोलून! आज अर्धा तास त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चिकट बाई.

'चिकट' अन्यायाचं आहे. राहू दे. रोजनिशीत तरी न्यायनिवाडा नको.

२६ नोव्हेंबर

अनंत चिमणी झाला. दोन्ही हातांनी. कुसुमताईंकडे बघून. माझ्याकडे नाही.

१७ डिसेंबर

प्रजासत्ताक दिनाला मंडळाची सुदृढ बालक स्पर्धा. मुलांची वजनं करून बक्षिसं द्यायची! काटोलच्या बाजारात संत्र्यांची करतात तशी. मी म्हटलं, आमचा नको. कुसुमताई म्हणाल्या, "काहून नको? एवढं गुटगुटीत पोर लपवून ठेवून राहिल्या तुम्ही! नजर बिजर काही लागत नाही, शिकलेल्या नं तुम्ही?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. नाही म्हणणंच जास्त उठून दिसायला लागलं. फॉर्म घेतला.

जन्मतः वजन. बाळंतपण घरी की दवाखान्यात. अंगावर किती महिने पाजले.

मधुसूदन म्हणाले, "भर काहीतरी. कोण बघतंय?" साडेसहा पौंड. दवाखान्यात. चौदा महिने. पेन्सिलीने लिहिलं, जणू पेन्सिलीने कमी खोटं होतं. संध्याकाळी नेऊन दिला, तर कुसुमताईंनी तिथल्या तिथे शाईने गिरवलं. "पुसलं जाते नं, बाई!"

७ जानेवारी १९६९

तेच गाणं. तीच पट्टी. दोन महिन्यांत इथे एकीनेही एका पुस्तकाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही, हे खरं. मी काय बोलते तिथे? बोलतच नाही. ऐकते आणि घरी येऊन इथे त्यांची सालं काढते. हा कुठला मोठेपणा?

२६ जानेवारी

दुसरा क्रमांक! अनंतला!

मांडव, झेंडा, वजनकाटा, परीक्षक म्हणून एक जाडजूड डॉक्टर. मुलं काट्यावर ठेवली की किंचाळायची आणि आया खाली बसून टाळ्या पिटायच्या. पहिला आलेला मुलगा इतका लठ्ठ होता की त्याला डोळे उघडायलाही कष्ट पडत होते. दुसरा अनंत. मला वर बोलावलं. डॉक्टरांनी फॉर्म वाचून दाखवला, मोठ्याने! "चौदा महिने! माता-भगिनींनो, या बालकाकडे पहा. आईच्या दुधाला पर्याय नाही!" टाळ्या. यमुताईंनी तर शिट्टी वाजवली. मी मान खाली घालून उभी. सगळ्यांना वाटलं, लाजले.

त्याला दूध पाजलं ते आश्रमातल्या आक्कांनी. गाईचं, बोळ्याने, रात्री उठून उठून. त्यांनीच सांगितलं होतं, काठावरचं पोर होतं म्हणून. बक्षीस त्यांचं. मी त्यांना आज पुसून टाकलं, तेही ध्वनिक्षेपकावरून. डॉक्टर मूर्ख, बायका मूर्ख, आणि त्या सगळ्यांत खोटारडी मी एकटीच.

पेला आणि दुधाच्या पावडरीचा डबा. मधुसूदननी पेला रेडिओवर ठेवला आहे. खूष आहेत.

२८ जानेवारी

मेळ्याला गेले नाही. शामलाबाई घरी आल्या. एकट्या, पुतण्याला न घेता. बसायच्या आधीच —

"ताई, रागावू नका. त्या आश्रमाचा पत्ता पाह्यजे होता."

"कसला आश्रम?"

"जिथून अनंतले आणलं."

कोणी सांगितलं, विचारलं.

"कोणीच नाही. ज्या बाळंत झाल्या नं ताई, त्या दुसरीची गोष्ट पुरी होऊ देत नाहीत. मधातच आपली सुरू करतात. तुम्ही शेवटपर्यंत ऐकता. कुठं दुखलं, काय खाल्लं, सारं ध्यानात ठेवता. अकरा वर्षं झाले, मी बी हेच करून राहिली. म्हणून ओळखलं."

सतरा बायकांत एकीला कळलं. आणि ती ही!

मग त्यांनी आपलं सगळं सांगितलं. नवरा तयार आहे. सासू नाही म्हणते — तसलं पोर किडकं निघतं, रोगी निघतं. "अन् अनंत तर बक्षीसवाला! तुम्ही एक डाव येऊन सांगा नं तिले. शिकलेल्या बाईचं ऐकते थे. तिनं हो म्हटलं तं माह्या घरात लेकरू येते, ताई."

मी म्हटलं, "तुमचा काहीतरी गैरसमज झाला आहे." चहासुद्धा विचारला नाही.

त्या म्हणाल्या, "बरं. मग मी काही म्हटलंच नाही. कोणाले बोलली नाही, बोलणार बी नाही." जाताना पदराने अनंतचं नाक पुसलं.

३० जानेवारी

मधुसूदनना सांगितलं. "नाही म्हणालीस ना? झालं तर." आणि वर्तमानपत्र.

झालं नाही. शामलाबाईंच्या सासूला सांगणं म्हणजे शुक्रवारपर्यंत मेळ्याला सांगणं. मग इथेही 'आश्रमातला'. अनंतला कळत नाही तोवर ठीक, कळायला लागल्यावर? त्याच्याबद्दलची गोष्ट मी कोणाच्या खाटेवर बसून सांगायची, हा हक्क मला आहे का? शब्द दिलेला आहे.

दुसरी बाजू. आम्हाला पत्ता कोणी दिला? दवाखान्यातल्या एका नर्सने, औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहून, आम्ही मागितला नसताना. तिने कोणाला काय शब्द दिला होता, कोण जाणे.

आणि असं काय आहे अनंतमध्ये, की ते लपवायला आम्ही अर्धा मुलूख ओलांडून आलो? शामलाबाईंच्या सासूबाई उघड म्हणतात — तसलं पोर. आम्ही बदली मागून घेतली. म्हणणं तेच झालं.

तीन महिने त्या बायकांना हसते आहे. त्यांना हसताना हे कुठे ठेवलं होतं मी?

२ फेब्रुवारी

मधुसूदनना सांगून निघाले. ते दारापर्यंत आले नाहीत.

अनंतला घेऊन खामल्याला शामलाबाईंच्या घरी गेले. त्यांच्या सासूबाई खाटेवर लसूण सोलत होत्या. त्यांच्यासमोर पत्ता कागदावर लिहिला, शाईने. त्यांना वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवला. तिथे मुलांना कशी ठेवतात, आक्का काय काय करतात, सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग अनंतकडे बघितलं.

"अन् हा वं, बाई?"

"हाही तिथलाच," मी म्हटलं.