कॅप्टनसाहेबांची प्लेट

४ फेब्रुवारी १९४६, आष्टा
पलटणीतून कायमचा घरी. लढाई संपली, खडकीच्या डेपोला हवालदार क्लार्क आकाराम यांची गरजही संपली. सोबत एक ट्रंक, दोन ब्लँकेट आणि सरळ दात. दोन वर्षं दातांना तारा होत्या. मिलिटरी हॉस्पिटलातल्या दातांच्या कॅप्टनसाहेबांना असली कामं करायचा शौक, आणि माझे दात असले, पुढं आलेले आणि फटीचे. आता तारा गेल्या, प्लेट आली. टाळूला बसणारा तांबूस रबराचा तुकडा, पुढून एक तार. साहेबांची ऑर्डर: वर्षभर दिवसरात्र तोंडात. फक्त जेवताना काढायची. गार पाण्यात ब्रशनं धुवायची, डबीत ठेवायची. कढत पाणी लावायचं नाही. हयगय केली तर दात परत पुढं येतील.
आपण डिसिप्लिनचा माणूस. हयगयीचा प्रश्नच नाही.

७ फेब्रुवारी
प्लेट घालून बोलता येत नाही. जीभ अडखळते, समोरच्याच्या तोंडावर थुंकी उडते. आणि गावाला इटलीची लढाई समजावून सांगणारा दुसरा कोण आहे? (मी खडकीतच होतो, पण कागद सगळे माझ्या हातून जात.) म्हणून पारावर बसताना प्लेट डबीत. दिवसातून चारच तास. जुना दोस्त बाळासो म्हणाला, गड्या, म्हशी धारंला खोळंबल्यात, बाकीची इटली उद्या घीऊ. बाळासोला जगाचं काही पडलेलं नाही.

११ फेब्रुवारी
शिराळ्याच्या आप्पासोंचा निरोप. मुलगी विजयमाला, परत बघायला या.
परत! तीन वर्षांपूर्वी याच घरानं नकार दिला होता. मुलगी नको म्हणते, एवढंच कळवलं. कारण विचारलं नाही. घरात आरसा होता. तेव्हाच ठरवलं होतं, लग्न करीन तर विजयमालेशी. तिच्यासाठी दोन वर्षं तारा सोसल्या, हे मात्र कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

२४ फेब्रुवारी
शिराळा. दातांनी आज अॅटेन्शनमध्ये राहायला हवं, म्हणून प्लेट सकाळपासून तोंडात. बोलणं अशक्य. प्रत्येक प्रश्नाला मान हलवली आणि हसलो. पोहे आले ते नको म्हणालो, म्हणजे मान हलवली. विजयमालेनं एकदा वर बघितलं. बरोबर दातांवर नजर.

२७ फेब्रुवारी
होकार!! दातांचा विजय.

९ मार्च
आईनं डबी स्वयंपाकघरातून हाकलली. म्हणाली, तोंडातलं उष्टं माझ्या चुलीम्होरं नगं. देवळीत ठेवली तर म्हणाली, देवाम्होरं तर मुळीच नगं. एवढ्या अडचणीत माणसानं प्लेट वापरायची कशी? दोन दिवस सुट्टी घेतली. आज दाढीच्या पाण्यात विसळून घातली. पाणी कढत नव्हतं, फक्त वाफ येत होती. एका बाजूनं टोचते. पहिल्यापासूनच टोचत असावी.

१७ मार्च, शिराळा
सुपारी फुटली. रेशनिंगमुळे पन्नासच पानं म्हणाले होते, दोनशे उठली.
एक छोटासा प्रसंग घडला. जेवायला बसताना प्लेट हळूच काढून पत्रावळीच्या कडेखाली सरकवली. डबी गाडीत राहिली होती, आणि सदऱ्याला खिसा नव्हता. जेवणं झाली. मी हात सरकवणार एवढ्यात आप्पासोंच्या घरच्या बायकांनी पानं उचलली. आवं पाव्हणं, उठा की, आपलं पान आपन उचलायचं न्हाई, म्हणाल्या. आता हजार डोळ्यांदेखत आपल्याच उष्ट्या पत्रावळीला कसं धरून बसायचं?
पण हवालदाराची बुद्धी! लगेच जाहीर केलं की अंगठी हरवली. सगळी भावकी उकिरड्यावर धावली. धुळा नावाच्या गड्यानं अर्ध्या तासात प्लेट शोधूनही काढली. वर धरून म्हणाला, ह्ये काय गावलं बगा, घोड्याच्या लगामाचा तुकडा दिसतुय. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. काय म्हणणार? मान हलवली, नाही म्हणून. त्यानं ती मागं ओढ्यात भिरकावली.
आप्पासोंना एवढं वाईट वाटलं की त्यांनी आपल्या बोटातली अंगठी काढून मला घातली. एकंदरीत प्रसंग फायद्यात.

२० मार्च
कॅप्टनसाहेबांना नव्या प्लेटीबद्दल लिहिणार होतो. पण साहेब विचारतील, जुनी कुठं? उत्तर मिलिटरी कागदावर चढवण्यासारखं नाही. शिवाय दात आता सरळ राहायला शिकले आहेत.

२ एप्रिल
नवी पद्धत सुरू. रोज सकाळी अंगठ्यानं पुढचे दात आत दाबणे, दोनशे वेळा. वहिनी शालूबाई आईला म्हणाली, भावजी अंगठा चोखत्यात. दुर्लक्ष केलं.
तपासणीही ठरवली. पुढच्या दोन दातांत ज्वारीचा दाणा धरायचा. बसला नाही, म्हणजे उत्तम.

९ एप्रिल
दोनशेचे पन्नास केले. अंगठा सुजला.

२० एप्रिल
दाणा बसला. यंदा शाळू ज्वारीचा दाणा बारीकच आहे.

५ मे
हरभरा बसत नाही. काळजीचं कारण नाही.
(रात्रभर झोप नाही. आरशात तोच जुना आकाराम दिसायला लागलाय. तिनं मांडवात बघितलं आणि उठून गेली तर?)

१२ मे, शिराळा
लग्न लागलं. तोंड उघडलं नाही. मुंडावळ्या, रुमाल आणि निश्चय. नाव घ्यायच्या वेळी बायकांनी फार धरलं, तेव्हा ओठ मिटून काहीतरी पुटपुटलो. आप्पासोंच्या भावजय बनुबाई म्हणाल्या, जावाय लय गरीब सभावाचा गावला. कुणालाही दात दिसले नाहीत. पूर्ण यश.

१५ मे, आष्टा
आता अक्षता पडल्या, कोण काय करणार? आज मन मोकळं केलं. सकाळी चहापासून विजयमालेला डेपोची व्यवस्था सांगितली. दुपारी इटली. ती भाकरी थापत ऐकत होती. मध्येच दोनदा माझ्याकडं रोखून बघितलं. नक्की दात.

१६ मे
राहवलं नाही. फसवणूक मला जमत नाही. तिला समोर बसवून सगळं सांगितलं: जुना नकार, तारा, प्लेट, पत्रावळ, अंगठी. म्हटलं, ज्या दातांसाठी होकार दिलास ते गेले, आता तू म्हणशील ते कबूल. खरंच भीती वाटत होती.
विजयमाला म्हणाली, दातांचं कुनी बगितलंय? माझ्या आप्पांचं दात तुमच्या दुप्पट पुडं हायत. त्या येळंला तुमी आलासा आनि पान्याच्या तांब्यापासून पानसुपारीपतोर एकलंच बोलत हुतासा. आमचा आजा बसल्या जागी झोपला. म्हनून नगं म्हनलं. औंदा आलासा तर गप. मान हलवायची आनि हसायचं. वाटलं, पलटणीनं मानूस शाना केला.
मी म्हणालो, ते प्लेटमुळं गप होतो.
तिनं विचारलं, ती पलेट रोज किती येळ घालायची असती? मी सांगितलं, दिवसरात्र, वर्षभर.
ती उठली, माझी दौत-टाक आणून पुढं ठेवली. म्हणाली, कॅप्टनसायबांस्नी आजच लिवा. आनि एकच वरीस का, त्येबी इचारा.