पाठमोरा पॉइंट्समन

आबा, परवा तुमच्या त्या चौकटीची काच फुटली. माझ्याच हातून. घराला रंग द्यायचा म्हणून भिंतीवरचं एकेक उतरवत होते आणि इतक्या वर्षांत जिला मी कधी हात लावला नव्हता, ती चौकटच नेमकी निसटली. आतलं पत्र शाबूत आहे, काळजी करू नका. वर्तमानपत्राच्या कचेरीतून तुम्हाला आलेलं, टाइप केलेलं पत्र. पिवळं पडलंय, पण अजून नीट वाचता येतं. त्या पत्राबद्दल तुमच्याशी बोलायचं मी तुम्ही होता तोवर टाळलं, आणि तुम्ही गेल्यावर तर आयतंच निमित्त मिळालं. आता माझीच निवृत्ती तोंडावर आली आहे. म्हटलं, लिहून तर काढू.

तुम्ही परळी स्टेशनात पॉइंट्समन. रुळाचे सांधे फिरवायचे, डबे जोडायचे, तोडायचे, हिरवी-लाल झेंडी दाखवायची. शाळा चौथीपर्यंत. छापलेलं वाचताना तुमचं बोट ओळीखालून मालगाडीसारखं सरकायचं, आणि मी कॉलेजात जाणारी पोरगी शेजारी बसून जांभया द्यायची. पण चित्र तुम्ही असं वाचायचात की मला अजून तसं कुणी भेटलेलं नाही. वर्तमानपत्रात रोज तीन चौकटींची ती डिटेक्टिव्हची चित्रकथा यायची. तुम्ही ती कात्रीनं कापून, खळीनं वहीत चिकटवायचात. रविवारी सकाळी क्वार्टरच्या ओट्यावर ती वही उघडली जायची. स्टेशनसमोरचा सलूनवाला दुकान उघडायच्या आधी यायचा. सिरसाळ्याच्या शाळेतले मास्तर दर रविवारी सासुरवाडीला परळीत यायचे, ते सासऱ्यांना राम राम करून थेट आपल्या ओट्यावर. मी आठवड्याच्या चौकटी मोठ्यानं वाचून दाखवायची, आई चहा आणून ठेवायची, आणि मग तुमची कचेरी भरायची.

त्या वर्षी रेल्वेतल्या दरोड्याची गोष्ट चालू होती. आठवतं ना? एका संस्थानातल्या देवीचा मुकुट गाडीच्या शेवटच्या डब्यात ठेवतात. कुलूप, लाखेचं सील, बाहेर पहारा. गाडी वाटेत कुठंही थांबत नाही. मुक्कामाला पोचल्यावर बघतात तर कुलूप जागेवर, सील जागेवर आणि डबा आतून रिकामा. त्या रविवारी ओट्यावर नुसता गोंधळ. मास्तर आणि सलूनवाला अगदी हमरीतुमरीवर आलेले.

"गार्डाचंच काम हाय ह्ये," सलूनवाला म्हणतो. "किल्ली कुनाजवळ? गार्डाजवळ. मंग इच्यार कशाचा करायला लागलाव?"

"अहो, गार्ड इतका उघडउघड चोर असेल तर गोष्ट दोन दिवसांत संपली असती," मास्तर म्हणतात. "मला त्या पुजाऱ्याचा संशय येतोय. त्याचे डोळे बघा."

"पुजाऱ्याचे डोळे तसलेच ऱ्हातेत."

मी माझंही शहाणपण पाजळलं. पुलावर गाडी हळू होते, तिथं कुणीतरी टपावरून उतरलं असणार. तुम्ही तोवर वही मांडीवर घेऊन पानं पुढं-मागं करत होतात. मग म्हणालात, "तुमी समदे चोर गाडीत हुडकायलाव. चोरी गाडीत झालीच न्हाई."

तुम्ही दोन चौकटी दाखवल्या. पहिलीत मुकुट डब्यात ठेवतायत. डब्याच्या पाठीमागं दिवा टांगायची कडी, दाराच्या उजव्या बाजूला. दुसरीत तोच डबा मुक्कामाला पोचलाय. कडी डाव्या बाजूला. आम्ही तिघं डोकी जोडून बघत राहिलो. तांदळाच्या दाण्याएवढी कडी असेल, आठ दिवसांच्या अंतरानं काढलेली. मास्तर म्हणाले, चित्रकाराची चूक असेल, घाईत होतं असं. तुम्हाला ते अजिबात पटलं नाही. "ज्या मानसानं रुळाखालच्या फळीचा खिळा बी सोडला न्हाई, त्यो कडी इसरल? त्यो डबाच येगळा हाय."

आणि मग तुम्ही आगपेट्या मागितल्यात. ओट्यावर खडूनं दोन रूळ काढलेत, मधे सांधा. एका पेटीत चिंचोका टाकून ती गाडीच्या शेवटी लावलीत आणि आम्हाला बजावलंत, हिच्यावर नजर ठेवा. गाडी सुटायच्या आधी यार्डात डबे हलवून लावायचं शंटिंग कसं करतात ते सांगत तुम्ही पेट्या मागं घेता, पुढं ढकलता, एक तोडता, एक जोडता. तोंडानं इंजिनाचा आवाजही काढता. मला आत्ताही तुमची बोटं दिसतात, ग्रीसनं काळी पडलेली, सावकाश चालणारी. गाडी मास्तरांच्या पायापाशी पोचते. "उगडा आता," तुम्ही म्हणता. मास्तर शेवटची पेटी उघडतात. रिकामी. चिंचोका दुसऱ्या रुळावरच्या पेटीत, मागं यार्डातच उभा. सलूनवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. आम्ही सहा डोळ्यांनी राखण करत होतो आणि आमच्या देखत डबा बदलला होता. हा माणूस आपल्या घरात राहतो, आपल्याला ताटात भाकरी वाढून घेताना दिसतो, आणि आपल्याला ह्याच्याबद्दल काही म्हणजे काहीच माहीत नाही, असं मला त्या दिवशी वाटलं.

"पन मग चोर कोन?" सलूनवाल्यानं विचारलं. तुम्ही यार्डाच्या चित्रावर बोट ठेवलंत. कोपऱ्यात झेंडी घेतलेला एक माणूस होता, पाठमोरा. मग तुम्ही मागची चारपाच पानं उलटलीत. तो प्रत्येक ठिकाणी होता आणि प्रत्येक ठिकाणी पाठमोरा. "पॉइंट्समन," तुम्ही म्हणालात. "पुजाऱ्याचं तोंड काडलं, गार्डाचं काडलं, कुत्र्याचं बी काडलं. ह्याचं एकदा बी न्हाई. आमच्याकडं कोन बगतंय? म्हनून तर त्याला जमलं." तुम्ही हे हसत म्हणाला होतात. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी त्या दिवसापासून तुम्हाला अहो-जाहो करायला सुरुवात केली, ते तुमच्या लक्षात आलं होतं का?

पुढच्याच आठवड्यात ती गोष्ट बंद पडली. डिटेक्टिव्ह यार्डात उभा राहून "आता कळलं!" म्हणतो, ही शेवटची चौकट. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र रंगीत झालं होतं. चित्रकथेच्या जागी शेअरबाजाराचे भाव आणि बाजूला परदेशी गाडीची जाहिरात. देशात तेव्हा रोज काहीतरी नवीन येत होतं. गल्लीत टेलिफोनचे पिवळे बूथ निघाले, घरोघरी केबल आली, त्यात तीन चौकटींची कुणाला पडली होती? तुम्ही आठ दिवस रोज ते पान उलटंसुलटं करून बघितलंत. कुणी गेल्यासारखं ओट्यावर सामसूम. शेवटी मास्तर म्हणाले, "तुम्ही त्यांना पत्र लिहा. गोष्ट राहू द्या, पण ती कडी चूक होती का खूण होती, एवढं तरी विचारा."

तुम्ही आठवडाभर लिहीत होतात. ड्यूटीवरून यायचं, हातपाय धुवायचे आणि पाटावर बसायचं. सात पानं झाली. यार्डाचा नकाशा काढलात, कडीला लाल पेन्सिल केलीत. पाकीट बंद न करता माझ्या हातात दिलंत. मी तेव्हा मराठी टायपिंगच्या क्लासला जात होते, पोस्ट वाटेतच होतं. "एकदा नजर फिरव आन् मंग टाक," म्हणालात.

मग वाट बघणं सुरू झालं. पोस्टमन क्वार्टरांच्या रांगेत शिरला की तुम्ही ओट्यावर येऊन उभे. त्यानं लांबूनच मान हलवली की "बरं बरं" म्हणून आत. एक महिना गेला, दोन गेले. सलूनवाला चेष्टा करायचा, "काय डिटेक्टिव्ह, आला का जवाब?" तुम्ही म्हणायचात, "मोठी कचेरी हाय बाबा ती. टपाल लई आसतं." तुम्ही कधी कुणाला दोष दिला नाहीत. तुमचा तो चेहरा बघून मला जेवण जाईना. तीन महिने झाल्यावर मी क्लासमध्ये एक कोरा कागद मशीनवर चढवला आणि कचेरीच्या वतीनं तुम्हाला उत्तर लिहिलं. "आपले पत्र चित्रकारांना दाखविले. कडीची जागा बदलली ती चूक नव्हती, खूण होती. चोर आपण म्हणता तोच. इतक्या बारकाईने पाहणारा वाचक लाभणे हे आमचे भाग्य." तीनदा टाइप केलं, एकही खाडाखोड नको म्हणून. खाली एक गिचमिड सही ठोकली आणि परळीच्याच पोस्टात पाकीट टाकलं. एवढ्या डिटेक्टिव्हच्या गोष्टी वाचूनही मला पोस्टाच्या शिक्क्याचं सुचलं नाही. काय म्हणावं!

ते आलं त्या दिवशी मी चुलीपुढं होते. तुम्ही पाकीट आधी नुसतं बघितलंत. पुढून, मागून, मग उजेडाला धरून. मग मला हाक मारलीत, "वाच." मी माझीच वाक्यं तुम्हाला वाचून दाखवली. "पुन्यांदा वाच." पुन्हा वाचली. तुम्ही माझ्याकडं बराच वेळ बघत होतात. "खूण व्हती म्हन," तुम्ही म्हणालात. आणि मग, "लई सुद्द टाइप केलंय. येक बी चूक न्हाई." मी मान खाली घालून आत पळाले. तिसऱ्या दिवशी पत्र चौकटीत बसलं. त्यानंतर तुम्ही अकरा वर्षं होतात. घरी येईल त्याला, सोयऱ्याला, गॅस दुरुस्त करायला आलेल्याला, माझ्या सासरच्यांना, तुम्ही ते पत्र दाखवलंत. त्यावर हात फिरवताना तुमचा ऊर भरून यायचा. मला वाटायचं, बरं झालं, माणूस समाधानी आहे. मी फसवलं खरं, पण चांगल्यासाठी.

परवा काच फुटली तेव्हा पत्राच्या मागून एक घडी पडली. माझ्या टायपिंगच्या सरावाचा कागद. मी रोज घरी कुरकुर करायची, तीन नंबरच्या मशीनचा 'र' उडतो, ओळीच्या वर जातो, परीक्षेत माझे मार्क जाणार. तुम्ही त्या कागदावर प्रत्येक उडालेल्या 'र'ला पेन्सिलीनं गोल केला होता. मी पत्र उजेडाला धरलं. तिथंही प्रत्येक 'र' वर उडालेला. कागदाला टाचणीनं पाकिटाचा तुकडा लावलेला, त्यावर परळीचा शिक्का. आणि खाली तुमच्या अक्षरात, "मशीन तीन नंबर. पोरीचं काम." पुढं बरोबरची खूण.

मी काचांमध्येच बसून राहिले, आबा. म्हणजे पाकीट उजेडाला धरलंत तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. कळूनही पुन्हा वाच म्हणालात. आणि अकरा वर्षं लोकांना बोलावून दाखवत होतात ते वर्तमानपत्राचं पत्र नव्हतंच, ते माझं टायपिंग होतं. एवढं मोठं मन कुठून आणलंत? मी तुमच्या पाठीमागं केलेली एकेक गोष्ट तुम्हाला दिसत होती आणि तुम्ही मला एकदाही तोंडघशी पाडलं नाहीत.

आता राहिलेलं सांगते. बहुतेक तेही तुम्ही ओळखलंच असणार. तुमचं पत्र मी टाकलंच नव्हतं. पोस्टाच्या पायरीवर उघडून बघितलं आणि लाजेनं माझे कान तापले. "लई", "न्हाई", "व्हतं", बोलता तसंच सगळं लिहिलेलं. शहरातले लोक हसतील, त्यापेक्षा मी नीट टाइप करून पाठवते, असं मनाशी म्हटलं. मशीन तासभरच मिळायचं, परीक्षा जवळ आली, आज-उद्या करत राहिलं, आणि नंतर सांगायला तोंड उरलं नाही. ते पाकीट ट्रंकेच्या तळाशी होतं, तिकिटासकट. परवा काढलं आणि सातही पानं वाचली. आत्ता लिहितेय ते हे पत्रही त्याच पाकिटात ठेवणार आहे, दोन्ही तिथंच राहू देत. सातव्या पानावर, नकाशाच्या खाली तुम्ही लिहिलंय, "जवाब टाइप करून धाडा. माजी पोरगी टाइप शिकायली. मोठ्या कचेरीतलं टाइप कसं आसतं ते तिला बगायला मिळंल."

तेव्हा मी दुसऱ्या पानापुढं गेलेच नव्हते, आबा.