वाक्यासाठी सांडलेला चहा

ती. स्व. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे शब्दशः घे. आज सकाळी स्वयंपाकघरातल्या ओल्या फरशीवर मी आठही अंगांनी पोहोचलो. हाडं शाबूत आहेत.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून तो त्यांच्याआधी घरात शिरतो? इकडे मी बरा आहे. बाबाही बरे आहेत, असं ते म्हणतात. फोनवरच सांगितलं असतं, पण फोन बाबांच्या खुर्चीशेजारी आहे आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत, म्हणून लिहायला बसलो.

मी काय काम करतो हे तू भाऊजींच्या नातेवाइकांना कधीच धड सांगत नाहीस, तेव्हा पुन्हा सांगतो. शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजी शब्दकोश करणारी आमची कचेरी. अर्थ लिहिणारे मोठे लोक, ते वरच्या मजल्यावर बसतात. आम्ही खालचे, शब्द वाक्यात कसा वापरायचा ते दाखवणारे. मध्यंतरी माझ्या वाट्याला ‘स्पिल’ आला, आणि तोही नाम म्हणून. म्हणजे सांडणं नव्हे, सांडून जमिनीवर जे उरतं ते. जहाजातलं तेल समुद्रात पसरलं की तो स्पिल, दुकानाच्या फरशीवर दूध पसरलं की तो स्पिल, आणि सायकलवरून माणूस पडला तर तोही स्पिल (हिशेबाने आज सकाळी मीही त्यात जमा झालो). आता असली वाक्यं कुणीही बसल्या जागी पाडील. पण आमचे संपादक, ज्यांना आम्ही पूर्णविराम म्हणतो कारण त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही, त्यांचा एक नियम आहे. जे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घडलं नाही, ते कोशात जाणार नाही. ‘वादळ’वाल्या बाई त्यापायी कितीतरी दिवस खिडकीशी बसून होत्या. ‘भूकंप’ ज्याच्याकडे आहे तो अजून वाट बघतोय, आणि त्याला यश येऊ नये अशी आम्हा सगळ्यांची मनापासून इच्छा आहे.

तर ही अडचण मी जेवताना बाबांच्या कानावर घातली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कपातला चहा बशीत, बशीतून टेबलावर आणि टेबलावरून माझ्या पँटवर आला. बाबांनी त्याच्याकडे गंभीरपणे पाहिलं आणि म्हणाले, “घे. लिही.” ताई, मला भरून आलं. ज्या माणसाने जन्मभर दवाखान्यात मोठ्या बाटलीतलं औषध छोट्या बाटल्यांत ओतलं, आणि नरसाळं वापरणाऱ्याला नवशिका म्हटलं, त्याने माझ्या नोकरीसाठी चहा सांडावा! टेबलावर चहाचा एक छोटा स्पिल आहे, असं मी लिहून नेलं. पूर्णविरामांनी मान डोलावली. मग घरात रोज काही ना काही सांडू लागलं. ओट्यावर दूध, फडताळाखाली तेल, वर्तमानपत्रावर पाणी. मी कचेरीत मिरवू लागलो की आमचे वडील किती हातभार लावतात. एकदा तर मी त्यांना सांगितलं की बाबा, सगळं पातळच होतंय, उद्या जरा घट्ट काही सांडलं तर बरं. “बघतो,” असं म्हणाले ते.

शब्द पुरा झाला, छपाईला गेला आणि मला ‘खुर्ची’ मिळाली. मी घरी येऊन जाहीर केलं की बाबा, आता पुरे, आता नुसतं बसून राहिलात तरी चालेल. दुसऱ्या सकाळी पुन्हा चहा टेबलावर. “मागचं एखादं वाक्य राहिलं असलं तर घे,” म्हणाले. मी वैतागलो, टेबलक्लॉथ काय आपोआप धुतला जातो का असं काहीसं बोललो. ते उठून गेले.

त्याच आठवड्यात कचेरीतून लवकर आलो. बाबा खिडकीपाशी पाठमोरे उभे राहून चमच्यात औषध ओतत होते. बाटलीच्या तोंडावर चमचा सारखा वाजत होता. त्यांनी चमचा खाली ठेवला, डाव्या हाताने उजवा मनगटापाशी घट्ट धरला, थोडं थांबले, पुन्हा ओतून पाहिलं. सांडलं. इकडेतिकडे पाहून त्यांनी ते बाहीनेच पुसलं. “घे, लिही” म्हणायला तिथे कुणी नव्हतं. मी पावलं न वाजवता दाराबाहेर गेलो आणि मोठ्याने खाकरत पुन्हा आत आलो. मला फार वाईट वाटलं, ताई, आणि माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती असंही वाटलं.

डॉक्टरचा विषय मी आडून काढून पाहिला. डॉक्टर लोक नरसाळ्याशिवाय ओतू शकत नाहीत, त्यांना माझ्या हातातलं काय कळणार, असं उत्तर मिळालं. तेव्हा मग मी खोटं बोललो. म्हटलं, बाबा, पूर्णविरामांनी स्पिल परत पाठवलाय, वाक्यं कमी पडतात म्हणे. त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. तेव्हापासून आमच्या घरात पुन्हा कोशासाठी सांडतंय, मी पुसतोय, आणि कधीकधी त्यात आडवाही होतोय.

भाऊजींना नमस्कार. मुलांना मामाचे आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य राहिलंच. तू ये. तुझी कंबर दाखवायला सोबत हवी म्हणून बाबांना डॉक्टरकडे घेऊन जा, आणि तिथे गेल्यावर त्यांचा हात दाखव. तुला ते नाही म्हणणार नाहीत. घरात मात्र हाताबद्दल चकार शब्द काढू नकोस. काही सांडलं तर माझ्याकडे बघून, वाक्य मिळालं का, एवढंच विचार.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बाबांनी विचारलं, कुणाला एवढं लिहितोयस? ताईला, म्हटलं. म्हणाले, तिला लिही, येताना दोन कानांचा, झाकणाचा पेला घेऊन ये. मी घाईघाईने म्हटलं, बाबा, झाकण असलं तर सांडणार कसं, आणि कोशाचं काय करायचं? ते म्हणाले, “कोशाचं तुझं तू बघ. मला चहा प्यायचाय.”