आईचा पाय विधानसभेत

खडकमळा, ता. श्रीगोंदा
१५ मार्च

चि. सौ. रेश्मा हिस रामहरीदादाचे अ. आ., राग बाजूला ठेवून.

फोनवर आपण दोघंही एकमेकांना बोलू देत नाही, म्हणून आईनं बजावलंय की भांडायचं ते कागदावर भांडा. तर लिहितो.

अर्थसंकल्पावरचं तुझं भाषण सगळ्या गावानं मोबाईलवर पाहिलं. तू विरोधी पक्षाची आमदार, सरकारवर टीका करणं तुझं कामच. कर्ज काढून घोषणा करतात, मार्चमध्ये मोठे आकडे वाचतात आणि दिवाळीनंतर त्यांना कात्री लावतात, असं म्हणालीस. मी सत्ताधारी पक्षाचा तालुकाध्यक्ष, मला पटलं नाही, पण चालायचंच. तुमचं सरकार होतं तेव्हा आपल्या आरोग्य केंद्राचा पायासुद्धा खणला नव्हता, हे तेवढं सोयीनं विसरलीस.

पण आईचा पाय कशाला काढलास? साखरेमुळं तिची जखम भरत नाही, केंद्राची इमारत उभी असून कुलूपबंद आहे, म्हणून म्हातारीला एक दिवसाआड टेम्पोतून श्रीगोंद्याला पट्टी बदलायला जावं लागतं, हे साऱ्या राज्याला सांगितलंस. आता काष्टीच्या बाजारात लोक मलाच विचारतात, आईकडं लक्ष आहे ना म्हणून.

त्यात पक्षाचा निरोप आलाय. मी व्हिडिओ करून सांगायचं की बहीण खोटं बोलली, आईला काही त्रास नाही. जिल्हा परिषदेची उमेदवारी त्यावर ठरेल असंही सुचवलंय. मला काही सुचत नाही. आई एवढंच म्हणाली, "पाय माझा हाय. मला कुनी इचारलंच न्हाई."

माझी सून निकिता तुझी आठवण काढते. लोभ आहेच, सध्या जरा आखडलाय.

तुझा
रामहरीदादा


मुंबई
२१ मार्च

ती. दादास रेश्माचा शि. सा. न., कान पकडून.

आईला न विचारता तिचं दुखणं सभागृहात नेलं, हे चुकलंच. फोन करून तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, बोललीस ते बरं केलंस, पण टीव्हीवाल्यांना फोटो तरी चांगला द्यायचा.

भाषण मात्र मी मागे घेणार नाही. मला सात मिनिटं मिळाली होती. त्यातली पाच मी आकडे मांडत होते. इमारतीला पैसे मिळतात, कारण तिचं उद्घाटन करता येतं. सिस्टरच्या पगाराचं उद्घाटन होत नाही, म्हणून पदं मंजूर होत नाहीत, हेच सांगत होते. समोरचे मंत्री आपसात बोलत होते. आईचं नाव घेतलं तेव्हा कुठं दोघातिघांनी माना वर केल्या. आमच्या सरकारनं पायाही खणला नाही हे तुझं खरं आहे. पुढच्या भाषणात मी ते स्वतःच म्हणेन.

व्हिडिओ करावा लागला तर कर. पंधरा वर्षं तू पक्षाच्या सभांच्या सतरंज्या टाकल्यास आणि उचलल्यास, ते मी पाहिलंय. माझ्याकडून तुझ्याविरुद्ध एक शब्द येणार नाही. आईला गोड खाऊ देऊ नका. आखडलेला लोभ सैल करावा.

तुझी
रेश्मा


खडकमळा
६ एप्रिल

चि. सौ. रेश्मा हिस अ. आ.

व्हिडिओ तू पाहिलाच असशील. तो कसा झाला ते मात्र माझ्याकडून ऐक.

पक्षाची दोन पोरं कॅमेरा घेऊन आली. आईनं ओसरीत बाजेवर हसत बसायचं आणि मी शेजारी उभं राहून त्यांनी दिलेला मजकूर वाचायचा, असं ठरलं होतं. आई बाहेर आली आणि म्हणाली, आधी मला त्या दवाखान्याकडं न्या, मग काय बोलायचं ते बोला. तिच्यापुढं कुणाचं काय चालतं? गेलो.

फाटकापाशी उन्हात ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मला तो मजकूर वाचवेना. मी म्हणालो, "बहिणीच्या भाषणातलं बाकी काही मला मान्य नाही. पण हे कुलूप खरं आहे, आणि ते आमच्या सरकारनंच काढलं पाहिजे."

पोरांनी कॅमेरा बंद केला. पण बघायला आलेल्या शेजारच्या भीमानं आपला मोबाईल चालूच ठेवला होता. तो व्हिडिओ पुढं गावोगाव कसा फिरला, ते तुला माहीत आहे.

दोन दिवस पक्षातल्या कुणी माझा फोन घेतला नाही. मग वरून विचारणा झाली, आणि परवा एक डॉक्टर आणि दोन सिस्टर हजर झाल्या. आई चालत गेली. रांगेत कुणी पुढं जा म्हणालं तरी गेली नाही. सिस्टरनं पट्टी सोडताना चिकू खाल्ल्याबद्दल तिला जसं झापलं, तसं मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. जखम कडेनं सुकायला लागलीय.

उमेदवारीचं नाव कुणी काढत नाही. मिळाली तर लढेन, नाही मिळाली तरी सतरंज्या आहेतच. झोप मात्र चांगली लागते. माया राहू दे.

रामहरीदादा


मुंबई
१३ एप्रिल

ती. दादास शि. सा. न., आज मनापासून वाकून.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना एक शंका आली. नवीन पदं तर मंजूर झालेली नाहीत. मग या दोघी सिस्टर आल्या कुठून? दुसऱ्या एखाद्या गावातून उचलून आणल्या असतील, तर तिथं आता कुणाची तरी आई टेम्पोत बसत असेल.

जुलैच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या येतील. मी सभागृहात पदं मागते, तू तुमच्या मंत्र्यांकडं माग. दोन्हीकडून रेटलं तर हलेल असं मला खरंच वाटतं. त्याआधी ते गाव शोधू या का? मी रविवारी येते. उत्तराची वाट पाहते, नकाराची नाही.

रेश्मा


खडकमळा
१७ एप्रिल

चि. सौ. रेश्मा हिस अ. आ.

तुझी शंका बरोबर निघाली. सिस्टरलाच विचारलं. गाव घोडनदीच्या काठाला आहे, तिथल्या सरपंचाशी बोललो. तो तुमच्या पक्षाचा आहे, तरी चहाला बोलावलंय.

रविवारी सकाळी निघू. तुझ्या गाडीला झेंडा नको, मीही माझा काढून ठेवतो. आई येणारच म्हणते. तिला त्या गावातल्या बायकांशी स्वतः बोलायचंय, आपल्या दोघांवर तिचा भरवसा नाही.

गाडी निकिता चालवेल. आई पुढं बसणार आहे, आपण दोघं मागं.

वाट बघतो.

तुझा
दादा